काचेला नाक लावून: कोर्तासारची ‘अॅक्सोलॉटल’ आणि पाळण्याचा प्रश्न

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन, किरकोळ संपादनासह)



आजच्या विषयाचं नाव वाचून खाली चहा घेताना एका जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, “सर, निवृत्तीनंतर मत्स्यपालन सुरू केलंत की काय?” (हशा) तर सुरुवातीलाच दोन खुलासे करतो. एक, अॅक्सोलॉटल हा मासा नव्हे. तो उभयचर आहे, बेडकाच्या दूरच्या नात्यातला. आणि दोन, मी तो पाळलेला नाही. माझ्या नातवानं पाळला आहे. माझ्या ताब्यात तो फक्त पाच दिवस होता. त्या पाच दिवसांत काय झालं ते शेवटी सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय आजची टीका प्रामाणिक होणार नाही.

टीका कशावर? एका कथेवर. हुलिओ कोर्तासार हा अर्जेंटिनाचा लेखक. जन्म १९१४, मृत्यू १९८४. १९५१ पासून पॅरिसमध्ये राहिला. त्याच्या १९५६ सालच्या ‘फिनाल देल हुएगो’, म्हणजे ‘खेळाचा शेवट’, या संग्रहात ‘अॅक्सोलॉटल’ नावाची एक छोटी कथा आहे. अर्ध्या तासात वाचून होते. मी ती तीस-एक वर्षांपूर्वी इंग्रजी भाषांतरातून पहिल्यांदा वाचली आणि ‘स्व आणि पर’ हा विषय शिकवताना दर वर्षी वर्गात सांगत आलो. म्हणजे या कथेवर मी पोट भरलं आहे म्हणा ना. आज मला तिच्याशी भांडायचं आहे.

कथा अशी. पॅरिसमध्ये झार्दां दे प्लांत नावाचं जुनं उद्यान आहे. त्यात प्राणिसंग्रहालय आहे. कथेतला माणूस तिथे सिंह आणि बिबळे पाहायला जाणारा. एक दिवस सहज मत्स्यालयात शिरतो. तिथे एका अरुंद टाकीत नऊ अॅक्सोलॉटल आहेत. गुलाबी, अर्धपारदर्शक, निश्चल. पापण्या नाहीत, डोळे सोन्याचे. तो तासभर बघत राहतो. दुसऱ्या दिवशी परत येतो. मग रोज. काचेला नाक लावून बघत बसतो. तिथल्या रखवालदाराला हे विचित्र वाटतं. तो खोकतो, थट्टा करतो, की तुम्ही यांना डोळ्यांनी खाताय. आणि एक दिवस काचेपलीकडे दिसणारा चेहरा अॅक्सोलॉटलचा न राहता त्या माणसाचा स्वतःचा होतो, आणि तो आत असतो. बाहेर जो उभा आहे तो माणूस आता हळूहळू यायचा बंद होतो. आतला अॅक्सोलॉटल अशी आशा करतो की बाहेरचा आपल्याबद्दल एखादी गोष्ट लिहील.

कथेतलं रहस्य मी फोडलं असं समजू नका. पहिल्याच परिच्छेदात तो माणूस सांगून टाकतो की आता मी अॅक्सोलॉटल आहे. कथेचा जीव रहस्यात नाही. तो ‘पाहता पाहता होणं’ या क्रियेत आहे.

आता मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटायचं काही कारण नाही. आपल्याकडे कीटभ्रमर न्याय आहे. वेदान्तात आहे, संतांच्या वाङ्मयात तो पुन्हा पुन्हा येतो. भ्रमर एक अळी आणून मातीच्या घरट्यात कोंडतो. ती अळी भीतीनं म्हणा, ध्यासानं म्हणा, अहोरात्र भ्रमराचंच ध्यान करते आणि शेवटी स्वतः भ्रमर होऊन बाहेर पडते. ध्यानानं तद्रूपता. भक्त देव होतो तो असा. मी वर्गात कोर्तासारची कथा हाच दाखला देऊन समजावत असे. मुलांना पटकन कळे. मलाही आपण फार छान जोडणी केली असं वाटे.

पण या दाखल्याची एक बाजू मी वर्गात कधी सांगितली नाही. घरट्यात प्रत्यक्षात काय होतं? आपल्या खिडकीच्या चौकटीत, पंख्याच्या पात्यामागे मातीचं घरटं करणारी कुंभारीण माशी तुम्ही पाहिली असेल. ती अळीला नांगी मारून बधिर करते, घरट्यात भरते, सोबत आपलं अंडं घालते आणि तोंड बंद करते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ती अळी जिवंतपणी खातं आणि मोठं होऊन बाहेर पडतं. म्हणजे अळी माशी होत नाही. अळी खाल्ली जाते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र वाटतं की आत गेली अळी, बाहेर आली माशी. काय ती ध्यानाची शक्ती!

दृष्टान्त खोटा ठरला म्हणून अद्वैत खोटं ठरत नाही, हे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. माझा मुद्दा वेगळा आहे. नुसतं बाहेरून पाहणाऱ्याला ‘एकरूप होणं’ आणि ‘खाल्लं जाणं’ यांतला फरक दिसत नाही. कोर्तासारच्या रखवालदाराला तो दिसला होता. डोळ्यांनी खाताय, असं तो थट्टेत म्हणाला. आम्ही प्राध्यापक मंडळी त्या रखवालदाराला गौण पात्र समजून पुढे गेलो.

कथेत आणखी एक वाक्य आहे, ज्याच्यावर मी कधी थांबलो नव्हतो. पहिल्या भेटीनंतर तो माणूस ग्रंथालयात जातो, शब्दकोश उघडतो. त्याला कळतं की हे एका सॅलमँडरचं कल्ले असलेलं बालरूप आहे, मूळ मेक्सिकोचं आहे, वगैरे. आणि मग तो सांगतो की विशेष ग्रंथ पाहण्याची मला इच्छा झाली नाही. दुसऱ्या दिवशी मी परत बागेत गेलो. म्हणजे बघा, माहिती मिळवायची संधी समोर आहे आणि हा माणूस पुस्तक मिटतो. त्याला नजर पुरेशी वाटते.

त्यानं ते विशेष ग्रंथ उघडले असते तर काय सापडलं असतं? पहिली गोष्ट त्याच बागेची. १८६४ च्या सुरुवातीला मेक्सिकोहून आलेले सहा जिवंत अॅक्सोलॉटल याच झार्दां दे प्लांतमध्ये ऑग्युस्त द्युमेरील या प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती पडले. त्यांत एक पांढरा नर होता. द्युमेरीलनं पाहिलं की हे प्रौढ आहेत, कारण १८६५ मध्ये त्यांना पिल्लं झाली. पिल्लं झाली म्हणजे प्रौढ, संपला विषय. पण त्याच पिल्लांपैकी काहींचे कल्ले झडायला लागले, शेपटीचा पडदा गेला, आणि जमिनीवर राहणारे सॅलमँडर तयार झाले! ज्याला तो ‘पूर्ण प्राणी’ समजत होता ते बालरूपच निघालं, बालरूपातच प्रजा उत्पन्न करणारं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं की गुरुकिल्ली थायरॉइडमध्ये आहे. १९२० मध्ये ज्युलियन हक्सलीनं अॅक्सोलॉटलला थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून त्यांचं रूपांतर घडवून दाखवलं.

म्हणजे रूपांतराची गोष्ट त्या बागेत कोर्तासारच्या नव्वद वर्षं आधी घडून गेली होती. आणि तिथेही शिकवण हीच होती, की या प्राण्याकडे नुसतं बघून तो काय आहे ते कळत नाही. जगभरच्या प्रयोगशाळांत जे अॅक्सोलॉटल आहेत त्यांचा वंश बहुतांशी त्या सहा प्राण्यांपर्यंत पोचतो, आणि पाळीव प्राणी म्हणून विकले जाणारे बहुतेक याच बंदिवासातल्या वंशाचे.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. कथेचा सगळा भार त्या सोनेरी डोळ्यांवर आहे. ते आपल्याला दुःख सांगतात असं निवेदकाला वाटतं. वस्तुस्थिती अशी की अॅक्सोलॉटलची दृष्टी अधू असते. तो भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः वासानं आणि पाण्यातल्या हालचालीच्या जाणिवेनं. पापण्या नाहीत हे खरं, पण म्हणूनच त्याला झगझगीत उजेड नको असतो. टाकीत लपायला मडक्याचा तुकडा, नळीचा तुकडा ठेवावा लागतो. निवेदकाला पापणी नसण्यात शाश्वताचं दर्शन झालं. पाळणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की दिवा मंद करा. मी विचारतो, दोघांपैकी त्या प्राण्याला कोण अधिक जाणतो?

तिसरी गोष्ट निश्चलतेची. काळ आणि अवकाश नाहीसे करण्याची यांची गुप्त इच्छा आहे, असं निवेदकाला वाटतं. तर हा प्राणी मुळात दबा धरून बसणारा शिकारी आहे. तळाशी पडून राहायचं, जवळ काही आलं की तोंड उघडून पाण्यासकट ओढून घ्यायचं. त्याच्या स्थिरतेत वैराग्य नाही, जेवणाची वाट पाहणं आहे.

आता तुम्ही म्हणाल, सर, कथेला प्राणिशास्त्राच्या पेपराला बसवताय. (हशा) हा आक्षेप योग्य आहे. कोर्तासारला माहिती द्यायचीच नव्हती. आणि या जागी मला कथेच्या बाजूनंही बोललं पाहिजे, कारण ती माझ्यापेक्षा हुशार आहे. त्या माणसाचा अॅक्सोलॉटल झाल्यावर त्याला पहिलं काय कळतं? शाश्वत वगैरे नाही. टाकी किती अरुंद आहे हे कळतं. जरा हललं की दुसऱ्याची शेपटी किंवा डोकं लागतं, भांडणं होतात, थकवा येतो. म्हणून स्थिर राहिलेलं बरं, वेळ कमी जाणवतो. आणि ती टाकी किती कोती आहे हे फक्त मीच जाणू शकतो, असं निवेदक कंसात सांगतो. आठवड्यानुआठवडे बाहेरून पाहून जे कळलं नव्हतं ते आत गेल्यावर कळलं, आणि ते काय होतं? टाकीचं माप.

नेगेलनं १९७४ मध्ये प्रश्न विचारला, की वटवाघूळ असणं म्हणजे कसं असणं. उत्तर त्याच्या मते आपल्या आवाक्याबाहेर आहे. मान्य. अॅक्सोलॉटल असणं म्हणजे कसं, हे मला कधी कळणार नाही. पण अॅक्सोलॉटलला काय लागतं, हे कळू शकतं. पहिला प्रश्न सुटत नाही म्हणून आपण दुसरा सोडून देतो, आणि त्यालाच चिंतन म्हणतो. माझा आरोप हा आहे. कथेवर थोडा, तिच्या वाचकांवर जास्त, आणि माझ्यावर सर्वांत जास्त.

काय लागतं ते थोडक्यात सांगतो. पाणी थंड, साधारण १६ ते १८ अंश सेल्सियस. २४ च्या वर गेलं की त्याच्या शरीरावर ताण येतो, भूक जाते, बुरशी धरते. एका प्राण्याला किमान ७५ ते १०० लिटरची टाकी. पाण्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. यासाठी प्राणी आणण्यापूर्वीच काही आठवडे टाकी चालवून तिच्यात जिवाणू स्थिर व्हावे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढावं लागतं. प्रवाह मंद. तळाला खडे नकोत, कारण तो खाण्याबरोबर खडे गिळतो आणि आतडं अडतं. सोबतीला मासे नकोत. एक तर तो त्यांना खातो नाहीतर ते त्याचे कल्ले कुरतडतात. अन्न म्हणजे गांडूळ. आणि हे सगळं दहा ते पंधरा वर्षं. दहावीतल्या मुलानं आणलेला प्राणी त्याच्या लग्नाला हजर असू शकतो! (हशा)

यात चेहऱ्याचा कुठे संबंध आला का? नाही. आणि हा प्राणी विकला जातो तो मात्र केवळ चेहऱ्यावर. तोंडाची ठेवण अशी आहे की तो सतत हसतोय असं वाटतं. २०२१ मध्ये माइनक्राफ्ट या खेळात तो आला आणि मुलांच्या जगात घरोघरी पोचला. त्याच वर्षी मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर त्याचं चित्र आलं. तो आजारी असतानाही हसतो, मरतानाही हसतो, कारण ते हसू नाहीच, ती जबड्याची रचना आहे.

नोटेवर आला तेव्हा मूळ घरी त्याची अवस्था काय होती? मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को म्हणून कालव्यांचा परिसर आहे. जुन्या सरोवरांचा उरलेला तुकडा. तिथे चिनांपा म्हणतात ती शेतं आहेत, पाण्यात गाळ रचून केलेली. जगात रानटी अॅक्सोलॉटल उरला आहे तो फक्त इथे. मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजणी केली: १९९८ मध्ये दर चौरस किलोमीटरला सुमारे ६०००, आणि २०१४ मध्ये ३६. शहराचं सांडपाणी, आणि खाण्यासाठी म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया मासे, जे त्याची अंडी आणि पिल्लं खातात. काचेच्या टाक्यांत लाखांनी, घरी जवळजवळ नाही. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून हे थांबलं का? तिथे जे काही थांबतंय ते कालवे गाळून माशांना अडवणाऱ्या, शेतात रसायनं न वापरणाऱ्या शेतकऱ्यांमुळे आणि संशोधकांमुळे. पुन्हा तेच: पाणी सांभाळणाऱ्यांमुळे.

आता माझे पाच दिवस.

गेल्या एप्रिलमध्ये मुलगी, जावई आणि नातू लग्नाला गेले आणि घर माझ्यावर सोपवलं. नातवानं फ्रिजवर एक कागद चिकटवला होता. खोलीचा एसी चालू ठेवा, टाकीवरचा छोटा पंखा चालू ठेवा, सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर बघा, २२ च्या वर गेलं तर फोन करा. मी तो कागद पाहिला. वाचला असं म्हणणार नाही. मनात म्हटलं, या प्राण्यावर आपण तीस वर्षं व्याख्यानं दिली आहेत!

एसीनं माझे गुडघे धरतात, म्हणून तो बंद केला. पंख्याची घरघर वाचनात येत होती, म्हणून तोही बंद केला. आणि खुर्ची टाकीसमोर ओढून कोर्तासारची कथा परत वाचत बसलो. पहिल्यांदाच कथा आणि प्राणी एकाच वेळी समोर होते. मी तासन् तास पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो वारंवार वर यायला लागला, पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडायला लागला. कल्ले पुढच्या बाजूला वळले होते. मला वाटलं, तो माझ्याकडे येतोय. ओळख पटली. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं. ती वही माझ्याकडे आहे.

घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशी लादी पुसता पुसता थांबल्या. त्यांनी टाकीत दोन बोटं बुडवली आणि म्हणाल्या, “आजोबा, ह्याचं पाणी कोमट लागतंय. मासा कासावीस झालाय.” मी म्हटलं, “मावशी, तो मासा नव्हे.” (हशा) हसा, हसा. मीही आता हसतो. त्या क्षणी माझं ज्ञान हेच होतं, की तो मासा नव्हे.

थर्मामीटर २८ दाखवत होतं. नातवाला फोन केला. तो रडला नाही, ओरडला नाही. “आजोबा, एसी लावा. पंखा लावा. फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्यात, त्यातली एक टाकीत सोडा. एकदम दोन नको, पाणी हळूहळू उतरलं पाहिजे.” रात्रभर तो दर तासाला आकडा विचारत होता आणि मी सांगत होतो. सव्वीस. पंचवीस. साडेचोवीस. मावशींनी दुसऱ्या दिवशी येताच आधी बोटं बुडवून पाहिलं, मग झाडू हातात घेतला.

तो जगला. कल्ल्यांची पिसं विरळ झाली होती, ती पुढे हळूहळू परत आली. तुटलेला अवयव पुन्हा उगवण्याबद्दलच हा प्राणी प्रसिद्ध आहे. पण त्याच्या या गुणावर माझा अपराध मी टाकणार नाही. घरात आता टाकीचं पाणी थंड करणारं यंत्र घेतलं आहे, त्याची किंमत ऐकून जावयांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

पाळावा की पाळू नये, असं तुम्ही विचाराल. ज्या गावात एप्रिलमध्ये पारा चाळिशीकडे जातो तिथे थंड पाण्याचा प्राणी आणताना दहा-पंधरा उन्हाळ्यांची वीज आणि तितक्या उन्हाळ्यांचं लक्ष आपल्याकडे आहे का, हे आधी मोजावं. बहुतेकांकडे नसतं, म्हणून बहुतेकांनी आणू नये असं माझं मत झालं आहे. त्यातून हा आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीतला प्राणी आहे. २०२२ च्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते, तेही पाहावं. नातवाचा आहे, तो आता आहे. त्याला परत सोडायला सोचिमिल्को नाही, आणि इथल्या तळ्यात सोडणं म्हणजे तिथे तिलापियानं केलं तेच आपण करणं.

कथेकडे परत येऊन थांबतो. मी ती अजूनही थोर मानतो. पण ती आता मला वेगळी दिसते. शेवटी बाहेरचा माणूस निघून जातो, गोष्ट लिहितो, आणि आतला आतच राहतो, त्याच अरुंद टाकीत. पूर्वी मी याला ‘स्व’चं विभाजन म्हणत असे. आता मला ती एक साधी तक्रार वाटते. एवढं पाहिलंत, एवढं लिहिलंत, आणि टाकी तेवढीच ठेवलीत. कोर्तासारनं हे जाणूनबुजून ठेवलं असेल तर माझं भांडण मिटलं, आणि दोष फक्त आम्हा वाचकांचा उरतो.

मुलीकडे गेलो की मी आता आधी थर्मामीटर बघतो. काल १७ होतं. मग खुर्ची ओढून त्याच्याकडे बघत बसलो. मावशी म्हणाल्या, “बघा, बघा. पण पंखा नका बंद करू.”